अकरा नंबरचं गोंदण

केवळाबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी तायडे हवालदारांवर ओरडत होते. सील न केलेली पुडी त्यांनी सरळ माझ्या टेबलावर, माझ्या जेवणाच्या डब्याशेजारी आणून ठेवली होती. या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत मला तेवीस वर्षं झाली. तेवीस वर्षं मी हेच ओरडतेय आणि कोणी मनावर घेत नाही.

"पुरावा नाही तो म्याडम," तायडे म्हणाले. "या मावशींची वस्तू हाय."

मावशी त्यांच्या मागे उभ्या होत्या. साठीच्या पुढच्या, अंगानं काटकुळ्या. हनुवटीवर तीन ठिपके, दोन्ही हात कोपरापर्यंत हिरव्यानिळ्या गोंदणानं भरलेले. त्यांनी पुडी सोडली. आत बिस्किटाएवढी काळी वडी होती, एक कोपरा झिजलेला.

"हे माह्या हातचं काजळ हाय बाई," त्या म्हणाल्या. "पेपरात तुमी जे गोंदण छापलं ना, ते याच्यातलं नाही, एवढं मले लिहून द्या. मी चालली मंग."

मी डबा बाजूला सरकवला. ही बाई 'आहे' म्हणून लिहून मागायला आली नव्हती, 'नाही' म्हणून लिहून मागायला आली होती. अशी माणसं आमच्याकडे फार येत नाहीत.

पेपरातलं गोंदण म्हणजे आमचा अकरा नंबर. दहा वर्षांपूर्वी, २०३१ च्या पुरात, मेहकरच्या वाटेवर एक पूल रात्रीतून खचला आणि सकाळची खासगी बस नदीत गेली. प्रवाशांची यादी नव्हती. अकरा मृतदेह मिळाले, दहांची ओळख पटली. अकरावा तीन आठवड्यांनी खाली गाळात सापडला. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, चेहरा ओळखण्यापलीकडे गेलेला. हाताच्या कातडीचा एक तुकडा तेवढा शाबूत होता. त्यावर बाभळीचं फूल आणि खाली पाच ठिपके. डॉक्टरांनी तो तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत ठेवला, एक दाढ काढून तिच्यातून डीएनए मिळवला आणि फाइलला नंबर दिला. डीएनए होता, पण जुळवायचा कोणाशी? कोणी आलंच नाही.

आता बेवारस मृतदेहांचा नवा कायदा आलाय. दहा वर्षांत रक्ताचं नातं सिद्ध झालं नाही, तर नमुने जाळायचे, फाइल बंद करायची आणि माणूस कायमचा नंबर म्हणूनच राहणार. अकरा नंबरची मुदत त्या महिनाअखेरीला संपत होती. म्हणून शेवटचा उपाय म्हणून मीच गोंदणाचा फोटो पेपरात दिला होता.

"तुमची मुलगी हरवलीय का?" मी विचारलं.

"करिश्मा. दहा वरसं झाली. पन हे गोंदन काही तिचं नसन."

"मग मावशी, दहा वर्षांत डीएनए का नाही दिलात? गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, एक मिनिटाचं काम! तेव्हाच कळलं असतं."

"माह्या रक्ताची नाही ते," केवळाबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या. "सापडली मले. मेहकरच्या स्टँडवर. दोन मयन्याची. जत्रेतून येत व्हती मी."

तायड्यांनी मान डोलावली. त्यांनी जुनी तक्रार काढून आणली होती. केवळाबाई गोंदणारीण. नवरा लवकर वारला. वर्षातले आठ महिने जत्रांमधून हिंडायच्या, बायकांना गोंदायच्या. २०१२ साली अशाच फिरतीवरून येताना पोर घेऊन आल्या. पोलीस पाटलानं कागद केला, 'सापडलेले अर्भक, माता अज्ञात.' दत्तकाचा कागद कोणी केलाच नाही. रक्ताचं नातं नाही म्हणून पोलिसांनीही डीएनएचा आग्रह धरला नाही. सगळं नियमाप्रमाणे आणि सगळं वाया.

मी वडी ठेवून घेतली.

आता आमच्या यंत्राबद्दल थोडं सांगते, कंटाळू नका. मास स्पेक्ट्रोमीटर हे नाव मोठं असलं तरी आम्ही त्याला 'काटा' म्हणतो, कारण ते वजनच करतं. फक्त ते एकेका रेणूचं वजन करतं. नमुन्यावर लेसरची बारीक टोचणी मारायची. रेणू उडतात, त्यांना विद्युतभार मिळतो, मग त्यांना सारखाच धक्का देऊन एका निर्वात नळीतून पळवायचं. हलके आधी पोचतात, जड मागून. कोण किती वेळात पोचला त्यावरून त्याचं वजन, आणि वजनावरून तो कोण. पूर्वी याला खोलीभर यंत्र लागायचं आणि नमुना विरघळवून संपवावा लागायचा. आता टेबलावर मावतं आणि सुईच्या टोकाएवढं पुरतं.

रंग ओळखण्यात तर काट्याचा हात धरणारं दुसरं काही नाही. डोळ्याला काळा तो काळाच. पण करंजीच्या तेलाच्या दिव्याचं काजळ आणि रॉकेलच्या चिमणीचं काजळ यांत धुराची रसायनं वेगळी असतात. त्यात बिब्ब्याचं तेल घातलं तर त्याचे जडसे रेणू दिसतात, आणि कुठल्या झाडाचा बिब्बा, किती तापवला, यानं त्यांचं प्रमाणही बदलतं. कारखान्यातली शाई हजारो बाटल्यांत सारखी असते. पण हातानं केलेली वडी एकटी असते, आणि फॉर्मालिन डीएनएचं वाटोळं करतं तसं या रंगांचं करत नाही.

बाटलीतल्या कातडीवर टोचणी मारली. मग वडीवर. दोन आलेख एकावर एक ठेवले. करंजी, करंजी. बिब्बा, बिब्बा, त्याच प्रमाणात. वातीला लावलेल्या कापडातली जुनी नीळसुद्धा दोन्हीकडे. मी तीन वेळा करून पाहिलं.

मला वाईट वाटलं, पण धक्का बसला नाही. धक्का पुढे बसला.

काटा हल्ली समोर येईल ते सगळं मोजतो. तुम्ही रंग विचारलात तरी तो बाकीचंही वाचतो आणि साठवलेल्या डीएनएशी आपणहून ताडून पाहतो. वडीत त्याला प्रथिनं सापडली. केसीन. म्हणजे दूध, आणि तेही माणसाचं. त्यात नवल नव्हतं. काजळ मळायला लेकुरवाळीचं दूध घालायची जुनी रीत मला माहीत होती. कातडीत गेलेलं दूध शरीर पचवून टाकतं, पण वाळलेल्या वडीत ते वर्षानुवर्षं टिकतं.

प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. कुठला मणी कुठे, ते डीएनए ठरवतो. माणसामाणसात कुठेकुठे एखादा मणी बदलतो, आणि मणी बदलला की वजन बदलतं. काट्याला ते लगेच कळतं. म्हणजे दुधावरून, दूध देणाऱ्या बाईच्या डीएनएचे काही तुकडे वाचता येतात. यंत्रानं तिचे बेचाळीस तुकडे वाचले आणि अकरा नंबरच्या दाढेशी लावून पाहिले. लेकराला प्रत्येक ठिकाणी निम्मं आईकडून मिळतं, म्हणून आई असेल तर एकाही ठिकाणी पूर्ण विसंगती येता कामा नये. आली नाही. बेचाळीसपैकी शून्य.

पडद्यावर ओळ आली: 'दूध देणारी स्त्री ही मृत क्रमांक ११ ची माता असण्याची शक्यता अत्युच्च.'

मी खुर्चीत मागे टेकले. म्हणजे त्या पोरीची खरी आई कुठे लांब नव्हतीच. केवळाबाईंना वडीसाठी दूध देण्याइतकी ती जवळची होती!

आमच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "गावंडे बाई, तुम्हाला रंग विचारलाय. रंग सांगा. न विचारलेला निष्कर्ष सीलबंद ठेवायचा, हा नियम तुम्हीच इतरांना शिकवता."

"आणि एकतीस तारखेला बाटली जाळायची?"

"नियम आहे."

"बरं," म्हटलं आणि तायड्यांना जीप काढायला सांगितली.

गाव लहान, केवळाबाईंचं घर दोन खोल्यांचं. तायडे बाहेर पारावर बसले. मी आत खाटेवर. आधी रंगाचं सांगितलं. जुळतोय म्हणाले.

केवळाबाईंनी पाण्याचा तांब्या माझ्यासमोर ठेवला आणि तशाच वाकून राहिल्या. "त्या वडीतून दुसऱ्या कोनाले गोंदलंच नाही म्या," त्या हळूच म्हणाल्या. "एकल्या करिश्माले. सात वरसाची असताना."

"मग ती करिश्माच आहे, मावशी."

त्या खाली बसल्या. रडल्या नाहीत. पदराचं टोक तोंडात धरून बसून राहिल्या. मी थोडं थांबायला हवं होतं. पण माझा स्वभाव! दिवस चार उरले होते आणि मला त्या दुसऱ्या बाईचा राग आला होता.

"वडीत दूध कोणाचं आहे?" मी विचारलं.

त्यांनी झटकन वर पाहिलं. "दूध?"

"यंत्राला दिसतं. कोणाचं होतं?"

"शेजारची… सुभद्रा व्हती. तिचं. वारली ते."

"वारली? मग ऐका. ती सुभद्राच करिश्माची आई होती! तिनंच पोर स्टँडवर टाकली आणि वर साळसूदपणे तुमच्या शेजारी राहून लेकीला दुसरीच्या हाती वाढताना बघत बसली. कसली म्हणायची ही बाई? लाज कशी वाटली नाही तिला?"

"सुभद्राले काही बोलू नोका," केवळाबाई एकदम कडाडल्या. "देवमानूस व्हती ते. तिच्या जिवाले काय कमी दुःख व्हतं? तिले बिचारीले लेकरूच झालं नाही कधी!"

आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

माझ्याही आलं. लेकरू न झालेल्या बाईला दूध कुठून येणार? मी वेड्यासारखी त्यांच्याकडे बघत राहिले. जिची लेक ती समोर बसली होती, आणि गेली पाच मिनिटं मी तिलाच शिव्या घालत होते.

"माय वो," त्या म्हणाल्या, आणि कपाळ गुडघ्यावर टेकवलं.

मग त्यांनी सांगितलं. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. बाप कोण ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. फिरतीवर असतानाच बाळंत झाल्या. गावात पोर आणायची तर एकच वाट होती, सापडली म्हणायचं. लोकांनी मानलं. उलट कौतुकच केलं, काय मोठ्या मनाची बाई म्हणून.

"लोकायसमोर बाटलीनं पाजो मी तिले," केवळाबाई सांगत होत्या. "अन् इकडं माहं लुगडं भिजे. दार लावून चोरून पाजो. सोताच्या लेकराले चोरून! जे उरे ते सांडाले जीव नाही व्हये. म्हनून काजळात घातलं. सासूनं सांगतलं व्हतं, गोंदनारीनं आपलं दूध कधी काजळात घालू नये. आमच्यात ते चालतच नाही. पन म्या घातलं. म्हनलं, मी तिले माय म्हनून काही देऊ शकत नाही, हे तरी अंगावर राहीन तिच्या."

"मोठी झाल्यावर तरी सांगायचं होतं!"

"केव्हा सांगू? शाळेत पोरं चिडवत तिले, टाकलेली म्हनून. रडत घरी ये. सांगाचं सांगाचं म्हनो अन् जीभ नाही उचले. माही अब्रू मोठी वाटली मले."

मग त्या अगदी हळू आवाजात सांगू लागल्या. करिश्मा नर्सिंगला होती, वसतिगृहात राहायची. एक दिवस तिचा फोन आला. खरं सांग, मी कोणाची? मी रागावणार नाही, फक्त सांग.

"म्या काय म्हनलं मालूम हाय? म्हनलं, मेहकरच्या स्टँडवर सापडली तू, किती डाव सांगू. मंग ते म्हने, ठीक हाय, मी मेहकरलेच जाते. तिथं कोनाले तरी माही माय मालूम असन." त्यांचा आवाज फुटला. "सकाळच्या गाडीनं जाते म्हने. अन् म्या तिले नाही थांबवलं, बाई. म्हनलं, जाईन, हिंडन, कोनी नाही भेटलं का येईन वापस."

मला रडू आलं. लपवण्यात अर्थ नाही. मेहकरच्या त्या बसमध्ये एक मुलगी आपल्या आईला शोधायला बसली होती, आणि तिची आई मागे घरात होती.

"पोलिसाले मेहकरचं नाव नाही सांगतलं म्या," त्या म्हणाल्या. "म्हनलं, नाही सांगतलं तं ते त्या गाडीत नसन."

मी डोळे पुसले आणि पिशवीतून कापसाची काडी काढली. "मावशी, तोंड उघडा. शाईच्या जुळणीवर नाव मिळत नाही, दुधाचा निष्कर्ष मला लिहायची परवानगी नाही. तुम्ही नमुना दिलात तरच ती तुम्हाला मिळेल."

त्यांनी तोंड घट्ट मिटलं.

"गावाला कळेल म्हणून घाबरता का? अहो, आता या वयात कोण काय बोलणार आहे?"

"गावाले घेऊन काय करू मी?" त्या उसळून म्हणाल्या. "तिले काय सांगू? जित्तेपनी विचारलं तेव्हा नाही म्हनलं. आता मेल्यावर माय म्हनून हात पुढं करू? कोन्या तोंडानं? नाही देत मी. तुमी जा."

मी पण चिडले. "मग जाळू दे त्यांना! एकतीस तारखेला दुपारी जाळतील. दहा वर्षं बेवारस पडली, पुढे कायमची बेवारस. तुमची अब्रू सांभाळा तुम्ही!"

असं बोलून मी निघाले. जीपमध्ये बसल्यावर माझी मलाच शरम वाटली. साहेबांचं ऐकलं असतं तर? त्या बाईचं झाकलेलं तरी झाकून राहिलं असतं. ते मी उघडं केलं आणि वर टोमणा मारून आले. तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

एकतीस तारखेला सकाळी साडेनऊला प्रयोगशाळेचं फाटक उघडलं तेव्हा केवळाबाई पायरीवर बसल्या होत्या. पहिल्या एसटीनं आल्या होत्या. अंगावर धुवट नऊवारी, केस विंचरलेले.

"मी पोरीशी लय भांडली तीन रोज," त्या मला म्हणाल्या. "ते काही बोलतच नाही." आणि त्यांनी तोंड उघडलं.

निकाल यायला आता पन्नास मिनिटं लागतात. मी त्यांना चहा दिला, तो तसाच गार झाला. निकाल आला. आई. कसलीच शंका नाही. मी अहवालावर सही केली आणि पुढची कारवाई थांबवली. जाळायला नेण्याचा ट्रे तयार करून ठेवलेला होता, त्यातून बाटली आणि दाढेची डबी मी स्वतः उचलली. केवळाबाईंनी बाटली दोन्ही हातांनी धरली आणि काचेतून त्या फुलाकडे बघत राहिल्या.

"रेघ सरकली व्हती इथं," त्या म्हणाल्या. "लय हाललती ते. रडत व्हती ना."

कायद्याप्रमाणे आधी मृत्यूची नोंद, मग ताबा. मी सुट्टी टाकली आणि त्यांच्याबरोबर नोंदणी कार्यालयात गेले. खिडकीत एक तरुण मुलगी होती, बोलायला गोड. तिनं अहवाल वाचला, सगळं भरून घेतलं.

"मृताचं नाव करिश्मा. आईचं नाव?"

केवळाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ते मी सांगायचं नव्हतं.

"केवळा," त्या म्हणाल्या. मग मोठ्यानं, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, "केवळा भिकाजी सोळंके. मी तिची माय हाय."

दाखला छापून आला. केवळाबाईंना वाचता येत नव्हतं. मी त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. त्यांनी ती ओळ दोनदा चाचपली. मग पिशवीतून एक जुना, घड्या पडलेला कागद काढून खिडकीतून आत सरकवला. करिश्माचा जन्मदाखला.

"याच्यावर पन टाका ना बाई. इथं 'अज्ञात' लिव्हलं हाय म्हने."

मुलीनं संगणकात पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "आजी, हे नाही करता येत. जन्माच्या दाखल्यातली दुरुस्ती, व्यक्ती सज्ञान झाल्यावर फक्त तिच्याच अर्जावरून होते. आई अज्ञात असेल तर तिनं स्वतः मागावं लागतं."

"सोता मांगा लागते?"

"हो. त्यांनी हयातीत अर्ज केला असता तर झालं असतं."

केवळाबाईंनी कागद परत घेतला, घडीवर घडी घातली.

"केलता तिनं अर्ज," त्या म्हणाल्या. "फोनवर केलता. माह्यापाशी केलता. मीच नाही म्हनलं."